जन्मतारीख पाहून यकृताची शस्त्रक्रिया ठरवू नये

सोनोग्राफीच्या अहवालात यकृताच्या उजव्या भागात चार सेंटिमीटरची गाठ असल्याचे लिहिलेले असते, पुढच्या तपासण्यांत ती कर्करोगाचीच असल्याचे ठरते, आणि रुग्णाचे वय चौऱ्याहत्तर आहे हे लक्षात येताच घरातल्या बोलण्याचा सूर बदलतो. ‘आता या वयात कापाकापी कशाला?’ हे वाक्य मुलगा म्हणतो, शेजारी म्हणतात, कधी कधी तपासणारे डॉक्टरही म्हणतात, आणि ज्याच्या पोटात ती गाठ आहे तो माणूस बहुतेक वेळा त्या बोलण्यात नसतोच. हाच अहवाल छत्तीस वर्षांच्या माणसाचा असता तर हा प्रश्न कोणी विचारला नसता. ‘तरुण आहे, सोसेल’ या भरवशावर सगळे शस्त्रक्रियेच्या तारखेमागे लागले असते. दोन्ही प्रतिक्रिया मायेपोटी येतात हे मला मान्य आहे. तरीही दोन्ही चुकीच्या आहेत, आणि त्यांतली पहिली अधिक गंभीर आहे, कारण तिच्यामुळे बरा होऊ शकणारा माणूस उपचाराविना राहतो.

येथे मी यकृतातच उद्भवणाऱ्या कर्करोगाविषयी लिहीत आहे; आतड्यातून किंवा अन्य अवयवांतून यकृतात पसरलेल्या गाठींचे गणित वेगळे असते. या मूळ कर्करोगांपैकी ७५ ते ८५ टक्के यकृताच्या मुख्य पेशींपासून होतात आणि त्यांना हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणतात. २०२२ या वर्षासाठीच्या जागतिक अंदाजानुसार यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६५ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार माणसे त्याने दगावली. रुग्णांचा आणि मृत्यूंचा आकडा एकमेकांच्या इतका जवळ असावा, ही गोष्टच या रोगाविषयी पुष्कळ सांगून जाते. बरे होण्याची खरी आशा तीनच वाटांनी असते: गाठ यकृताच्या त्या भागासह काढून टाकणे, ती लहान असताना सुई घालून उष्णतेने जाळणे, किंवा संपूर्ण यकृत बदलणे. गेल्या काही वर्षांत प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधांनी रोग पसरलेल्या रुग्णांचेही आयुष्य वाढू लागले आहे, पण ती या तीन वाटांची जागा घेऊ शकलेली नाहीत. म्हणून या वाटा कोणासाठी मोकळ्या ठेवायच्या आणि कोणासाठी बंद करायच्या, हा निर्णय फार जपून घ्यावा लागतो.

वयानुसार शस्त्रक्रियेचे निकाल तपासणारे अभ्यास जपान, चीन, तैवान, कोरिया आणि युरोप येथून मोठ्या संख्येने आलेले आहेत. त्यांत पहिली अडचण अशी की ‘वृद्ध’ कोणाला म्हणायचे यावर एकमत नाही. कोणी पासष्टीपासून मोजतो, कोणी सत्तरीपासून, कोणी थेट ऐंशीपासून, आणि ‘तरुण’ म्हणजे कुठे चाळिशीच्या आतला तर कुठे पन्नाशीच्या. तरीही एक चित्र पुन्हा पुन्हा समोर येते. वृद्धांच्या गटात हेपटायटिस बी कमी आणि हेपटायटिस सी किंवा चरबीमुळे बिघडलेले यकृत अधिक आढळते, रक्तातील अल्फा फीटोप्रोटीनचे, म्हणजे या कर्करोगात बरेचदा वाढणाऱ्या प्रथिनाचे, प्रमाण बहुधा कमी असते, गाठ रक्तवाहिन्यांत शिरलेली असण्याचे प्रमाणही कमी असते. मात्र मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे सोबती जास्त असतात. तरुणांच्या गटात नेमके उलटे असते: हेपटायटिस बीचा संसर्ग, मोठी गाठ, चढलेले अल्फा फीटोप्रोटीन आणि पोर्टल शिरेपर्यंत, म्हणजे आतड्यांतून यकृताकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेपर्यंत, पोचलेला रोग, पण उरलेले यकृत आणि बाकीचे शरीर ठणठणीत. नीट पारखून शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांत केवळ कर्करोगामुळे झालेले मृत्यू मोजले तर दोन्ही गटांत फारसा फरक राहत नाही असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. सर्व कारणांचे मृत्यू मोजले की काही अभ्यासांत वृद्ध थोडे मागे पडतात, कारण माणूस सत्तरीनंतर हृदयविकारानेही जातो आणि न्यूमोनियानेही.

या निष्कर्षात एक मोठी मेख आहे आणि ती लपवून माझा मुद्दा पुढे रेटणे योग्य होणार नाही. ज्या वृद्धांवर शस्त्रक्रिया झाली ते आधीच निवडलेले, धडधाकट, हिंडते-फिरते वृद्ध होते. ज्यांना पाहताच शल्यचिकित्सकाने मान हलवली ते या अभ्यासांत आलेच नाहीत. तरुणांच्या बाबतीत अशी कडक निवड होत नाही. तेथे रोग पुष्कळ पुढे गेलेला असला तरी ‘प्रयत्न करून पाहू’ असे म्हटले जाते. म्हणजे पारखून घेतलेल्या वृद्धांची तुलना आपण न पारखलेल्या तरुणांशी करतो. यावरून कोणी म्हणेल की मग हे अभ्यास निरुपयोगी आहेत. मला तसे वाटत नाही. सत्तरी ओलांडलेल्या सरसकट सगळ्यांवर शस्त्रक्रिया करावी असे ते सिद्ध करत नाहीत हे खरे, पण जे सिद्ध करतात ते आपल्या प्रश्नासाठी पुरेसे आहे: निवड नीट केली तर वय स्वतःहून निकाल बिघडवत नाही. आणि निवड नीट करणे हेच तर वैद्यकाचे काम आहे.

तरुणांचा रोग इतका पुढे का गेलेला असतो, याचे उत्तर विषाणूच्या वागण्यात सापडते. हेपटायटिस बीचा संसर्ग प्रौढपणी झाला तर बहुतेकांचे शरीर तो परतवून लावते. पाच टक्क्यांहून कमी लोकांत तो कायमचा राहतो. जन्माच्या वेळी आईकडून झाला तर मात्र दहापैकी नऊ बाळांत तो ठाण मांडून बसतो. अशा बाळाचे वय पस्तीस होते तेव्हा त्याच्या यकृतातल्या विषाणूचेही वय पस्तीस असते. शिवाय हा विषाणू आपला जनुकीय अंश यकृतपेशींच्या जनुकांत मिसळू शकतो, त्यामुळे सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होणे, झालेला नसतानाही कर्करोग होऊ शकतो. यकृत मऊ, कार्यक्षम, तक्रार नाही, कावीळ नाही. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत. वरचे आवरण ताणले गेले तरच दुखते, आणि तोवर गाठ आठ-दहा सेंटिमीटरची झालेली असते. याउलट सत्तरीतला मधुमेही माणूस दर काही महिन्यांनी कोणत्या ना कोणत्या तपासणीला जातो, पोटाची सोनोग्राफी दुसऱ्याच कारणाने होते आणि तीन सेंटिमीटरची गाठ योगायोगाने सापडते. निकालातला फरक शस्त्रक्रियागृहात पोचण्याआधीच, अशा रीतीने, बराचसा ठरून गेलेला असतो. तरुणांमध्ये सिरॉसिसशिवाय होणारा फायब्रोलॅमेलर नावाचा एक दुर्मीळ प्रकारही आहे. त्यात अल्फा फीटोप्रोटीनही बहुधा वाढत नाही, म्हणून तोही उशिराच सापडतो.

तारुण्य किती थोडे वाचवते याचा सर्वांत बोलका दाखला आफ्रिकेतला आहे. तेथील अनेक देशांच्या रुग्णालयांतील नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इजिप्तमधल्या रुग्णांचे मध्यम वय (निम्मे रुग्ण ज्याहून लहान आणि निम्मे मोठे) ५८ होते, तर सहाराच्या दक्षिणेकडील देशांतल्या रुग्णांचे ४६. बारा वर्षांनी तरुण असलेल्या या दुसऱ्या गटाचे निदानानंतरचे मध्यम आयुष्य होते अडीच महिने, आणि इजिप्तमधल्या वयस्क गटाचे जवळजवळ अकरा महिने. इजिप्तमध्ये हेपटायटिस सीच्या रुग्णांवर लक्ष ठेवणारी काही एक व्यवस्था उभी राहिली होती, दक्षिणेकडे रुग्ण रोग शेवटाला पोचल्यावरच दवाखान्यात येत होते. वयापेक्षा वेळेवर झालेले निदान किती जड ठरते, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगणे मला शक्य नाही.

आता यकृताकडे वळू. कापलेले यकृत पुन्हा वाढते हे सर्वांना माहीत असते. म्हातारपणी ते वाढत नाही अशी समजूत मात्र अर्धवट खरी आहे. वयाबरोबर यकृताचे आकारमान आणि त्यातून वाहणारे रक्त दोन्ही घटतात, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत म्हाताऱ्या यकृताची वाढ मंदावलेली आढळते. परंतु २००५ मध्ये म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचे रक्ताभिसरण जोडून केलेल्या प्रयोगात म्हाताऱ्या यकृतपेशींचे विभाजन पुन्हा वाढलेले दिसले. म्हणजे ती क्षमता नाहीशी झालेली नव्हती, भोवतालच्या रक्तामुळे ती मंद पडलेली होती. माणसांतला पुरावा याहून ठळक आहे. इटलीत ऐंशी ओलांडलेल्या मृत दात्यांची यकृते प्रत्यारोपणासाठी वापरली जातात आणि ती दुसऱ्याच्या शरीरात वर्षानुवर्षे काम करतात. ऐंशी वर्षांचे यकृत दुसऱ्याला जगवू शकत असेल, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या यकृताच्या उरलेल्या भागावर जगता येणार नाही, असे तपासणी न करताच कसे म्हणता येईल?

तपासणी करायची तर काय तपासायचे, हेही वैद्यकाने पुष्कळ आधी ठरवून ठेवले आहे. चाइल्ड-प्यू गुणांकन रक्तातले बिलिरुबिन (काविळीत वाढणारे द्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन), रक्त गोठण्याचा वेळ, पोटात साठलेले पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींवरून यकृताची अवस्था अ, ब, क अशी लावते. शस्त्रक्रियेनंतर किती यकृत उरेल याचे मोजमाप सीटी स्कॅनवरून करता येते. निरोगी यकृताचा पाचवा हिस्सा उरला तरी भागते, सिरॉसिस असेल तर दोन पंचमांश तरी लागतो. उरणारा भाग कमी पडत असेल तर पोर्टल शिरेची आजारी बाजूची शाखा आधी बंद करून दुसरी बाजू काही आठवड्यांत वाढवून घेता येते. जपानी शल्यचिकित्सकांनी तर इंडोसायनिन ग्रीन हा रंग टोचून पंधरा मिनिटांनी तो रक्तात किती उरला यावरून किती यकृत कापणे सुरक्षित आहे याची शिस्तच घालून दिली. या कर्करोगाची पायरी ठरवण्यासाठी जगभर वापरली जाणारी बार्सिलोना वर्गवारी गाठींची संख्या व आकार, यकृताची ताकद आणि रुग्णाचे दैनंदिन हिंडणे-फिरणे यांवर आधारलेली आहे. या मोजमापांत कोठेही जन्मतारखेचा रकाना नाही.

अर्थात वृद्ध शरीराला काही गोष्टी अधिक लागतात आणि त्या दुर्लक्षून चालणार नाही. त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शरीराचा अशक्तपणा, जो वयाशी जोडलेला असला तरी वय नव्हे. हाताच्या मुठीची पकड किती किलोची, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात, पाय जोडून तोल किती वेळ सांभाळता येतो, या तीन साध्या गोष्टींवरून यकृताच्या रुग्णाचा अशक्तपणा मोजण्याची पद्धत २०१७ पासून उपलब्ध आहे. त्यासाठी यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही. अशक्तपणा सापडला तर दोन-चार आठवडे रोज चालणे, तीन चेंडूंच्या त्या छोट्या यंत्राने श्वासाचा व्यायाम आणि आहारात डाळी, दूध, अंडी, मासळी वाढवणे यांनी शरीर शस्त्रक्रियेसाठी बरेच सावरता येते. यकृताच्या आजारात ‘पचायला हलके’ म्हणून आठवडेच्या आठवडे पेज आणि उसाचा रस यांवर ठेवलेला म्हातारा माणूस स्नायू गमावून बसतो, आणि मग त्याच्या अशक्तपणाचे खापर वयावर फोडले जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या दोन-तीन रात्री भ्रम होण्याची शक्यताही वृद्धांत अधिक असते. माणूस नळ्या ओढतो, गावचे नाव घेत उठून जाऊ पाहतो, घरचे घाबरतात. चष्मा आणि कानाचे यंत्र लगेच परत दिले, ओळखीचे माणूस शेजारी बसवले, रात्री झोप मिळू दिली, वेदना आटोक्यात ठेवल्या, तर हा भ्रम टळतो किंवा लवकर ओसरतो. पण आपल्याकडच्या अतिदक्षता विभागात चष्मा पिशवीत बांधून नातेवाइकांच्या हाती दिलेला असतो.

या मताविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की गाठ काढली तरी पाच वर्षांत साधारण सत्तर टक्के रुग्णांत ती पुन्हा उद्भवते, मग वृद्धाला एवढ्या यातना का द्यायच्या? आक्षेपातला आकडा खरा आहे. पण तो दोन्ही वयांना लागू आहे, आणि पुन्हा उद्भवण्याचे स्वरूप सारखे नसते. पहिल्या दोन वर्षांत परतणारा रोग बहुधा मूळ गाठीचाच पसरलेला अंश असतो, आणि रक्तवाहिन्यांत शिरलेल्या मोठ्या गाठींत, म्हणजे तरुणांत अधिक आढळणाऱ्या प्रकारात, त्याचा धोका जास्त असतो. नंतर येणारी गाठ बहुधा आजारी यकृतात नव्याने उगवलेली असते आणि दर तीन-सहा महिन्यांनी तपासणी होत असेल तर लहान असतानाच जाळता येते. शिवाय भारतात सत्तरी गाठलेल्या माणसाचे सरासरी दहा वर्षांहून अधिक आयुष्य बाकी असते, ही गोष्ट आपण हिशेबातच धरत नाही. उपचार न केलेला यकृताचा कर्करोग त्याला यातली फारच थोडी वर्षे देईल.

एका ठिकाणी मात्र मी वयाला वजन देईन. प्रत्यारोपणात यकृत कोणाकडून तरी यावे लागते, आणि भारतात ते बहुतांशी जिवंत नातेवाइकाकडून येते. उजवा भाग देणाऱ्या दात्याच्या मृत्यूचा धोका हजारात दोन ते पाच असा सांगितला जातो. पस्तीस वर्षांच्या, लहान मुले असलेल्या मुलाने पंचाहत्तर वर्षांच्या वडिलांसाठी तो पत्करावा का, या प्रश्नात दोघांची वये येणारच. तेथे वडिलांनी ‘नको’ म्हटले तर त्या नकाराला मान द्यायला हवा. मृत दात्याच्या यकृतासाठी नाव नोंदवण्यावर असलेली ६५ वर्षांची मर्यादा केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढून टाकली, हे मला योग्य वाटते, कारण नाव नोंदवणे म्हणजे यकृत मिळणे नव्हे. निवड त्यानंतरही होतेच. गाठ कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेत तर दुसऱ्या कोणाचेही काही घेतले जात नाही, म्हणून प्रत्यारोपणासाठीचा संकोच तेथे ओढून आणण्याचे कारण नाही.

सर्वांत अवघड गोष्ट घरात घडते. ‘डॉक्टर, बाबांना सांगू नका’ ही विनंती आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटत नाही. मुले दाराबाहेर बोलून ठरवतात, आईला अर्धे सांगतात, आणि बाबांना ‘यकृताला थोडी सूज आहे’ एवढेच कळते. आयुष्यभर ज्याने घरातले सगळे निर्णय घेतले, शेती विकायची की ठेवायची हे ठरवले, मुलींची लग्ने केली, त्याला स्वतःच्या पोटातली गाठ काढायची की नाही हे विचारले जात नाही. विचारले तर तो कदाचित म्हणेल, ‘माझ्यावर पैसे घालवू नका, नातवाच्या शिक्षणाला ठेवा.’ हा त्याचा नकार आहे की संकोच, हे त्याच्याशी एकट्याने, सावकाश, दोनदा बोलल्याशिवाय कळत नाही. आणि सगळे नीट समजून घेऊन तो खरोखरच नको म्हणाला, तर तो निर्णय त्याचा असेल. आज तो इतरांचा असतो.

पैशाचे कारणही आता पूर्वीइतके निर्विवाद राहिलेले नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर आणि त्यापुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण दिले गेले आहे. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रातील साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते, देशाच्या ८.६ टक्क्यांहून अधिक. म्हणजे हा प्रश्न घेऊन येणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढत जाणार आणि खर्चाचा निदान काही भार हलका झालेला असणार. अशा वेळी मोठ्या रुग्णालयांनी यकृताच्या शस्त्रक्रियांचे निकाल वयोगटानुसार मांडायला हवेत: किती जणांना शस्त्रक्रिया नाकारली आणि कोणत्या कारणाने, नव्वद दिवसांत किती दगावले, सहा महिन्यांनी किती जण स्वतःच्या पायाने हिंडत होते. नाकारलेल्यांची नोंद ठेवली गेली तरच वर सांगितलेली निवडीची मेख आपल्याला उलगडेल.

तरुणांसाठी करायचे काम याहून वेगळे आहे आणि ते शस्त्रक्रियागृहापासून फार दूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हेपटायटिस बीचा संसर्ग आहे. तैवानने १९८४ मध्ये विषाणूग्रस्त मातांच्या बाळांना आणि १९८६ पासून सर्व नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकभरात तेथील मुलांमधला यकृताचा कर्करोग घटलेला दिसला. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस २००२ च्या सुमारास काही ठिकाणी आली आणि देशभर पोचायला २०११ उजाडले. म्हणून आज तिशी-चाळिशीत असलेली पिढी बहुतांशी लसीविना वाढलेली आहे, आणि पुढची वीस-तीस वर्षे तरुण रुग्ण याच पिढीतून येत राहतील. २०१८ पासूनच्या हेपटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि विषाणूविरोधी गोळ्या मोफत आहेत. शांघायमध्ये हेपटायटिसग्रस्तांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा फीटोप्रोटीन तपासून केलेल्या प्रयोगात या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले होते. छत्तीस वर्षांच्या माणसाच्या यकृतात अशी गाठ सापडते आणि तिच्यामागे हेपटायटिस बी निघतो, तेव्हा त्याच आठवड्यात त्याच्या आईचे, सख्ख्या भावंडांचे, पत्नीचे आणि मुलांचे रक्त तपासायला हवे. ज्या भावात विषाणू निघेल त्याची सोनोग्राफी लगेच करायला हवी, आणि ज्या मुलात निघणार नाही त्याला लस द्यायला हवी.